अस्मानी किती, सुलतानी किती? आपत्तीनंतरच्या प्रार्थनेचा आणि प्रश्नांचा इतिहास

#थ्रेड

१/ २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याची नोंद मात्र ७४ मिलिमीटरच्या आसपास होती. साकीनाक्याला डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला. त्याआधी पाच वर्षे, १२ जुलै २००० रोजी, घाटकोपरच्या आझाद नगरात असाच डोंगर घरांवर आला होता. या दोन दरडींखाली मिळून शंभराहून अधिक माणसे गाडली गेली.

२/ अशा प्रत्येक घटनेनंतर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक : ‘देवाची करणी, माणसाच्या हातात काय आहे?’ दुसरे : ‘देव असता, तर असे झाले असते का?’ पहिले वाक्य श्रद्धेचे आणि दुसरे अश्रद्धेचे मानले जाते. माझ्या मते दोन्ही वाक्यांत एक साम्य आहे : दोन्ही आभाळाकडे पाहून उच्चारलेली आहेत. आपल्या पूर्वजांनी मात्र आपत्तीकडे पाहताना नजर आभाळावरून जमिनीवरही आणली होती. त्या नजरेचा हा इतिहास.

३/ त्यासाठी आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे : अस्मानी-सुलतानी. फारसीत ‘आस्मान’ म्हणजे आकाश. अवर्षण, गारपीट, महापूर ही अस्मानी. ‘सुलतानी’ म्हणजे राज्यकर्त्यांकडून येणारे संकट : फौजांची लूट, जुलमी वसुली, उद्ध्वस्त केलेली गावे. जुन्या मराठी महसुली कागदांत आणि करारांत हा जोडशब्द वारंवार भेटतो. अस्मानी-सुलतानी झाल्यास वसुलीत सूट मिळावी, ही त्यामागची व्यवहारी अपेक्षा. पुढे ही जोडी बोलीत इतकी रुजली की आज आपण ती एका दमात म्हणतो. पण मुळात हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि आपत्तीनंतरचा खरा वाद ‘देव आहे की नाही’ यापेक्षा ‘कोणता मृत्यू कोणत्या रकान्यात लिहायचा’ यावर झालेला दिसतो.

४/ सुरुवात बोरिवलीपासून करू. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे एक शिल्प आहे. मध्यभागी बोधिसत्त्व उभा, आणि दोन्ही बाजूंना लहान चौकटींत संकटात सापडलेली, त्याचा धावा करणारी माणसे. अभ्यासक याला ‘अष्टमहाभय’ शिल्पपट म्हणतात. साधारण सहाव्या शतकातील हे काम. सोपारा, कल्याण या बंदरांतून व्यापारी समुद्रावर जात, आणि बुडणारे जहाज ही त्यांच्या दृष्टीने कल्पना नव्हती, व्यवसायातला रोजचा धोका होता.

५/ आता त्या आठ भयांची परंपरेतील यादी पाहा : हत्ती, सिंह, सर्प, अग्नी, जलप्रलय, पिशाच, आणि त्यांच्याच रांगेत दरोडेखोर व तुरुंगातील बेड्या. म्हणजे निसर्गाचे भय आणि माणसाचे भय एकाच पटात. फारसी शब्द आपल्याकडे येण्यापूर्वी कित्येक शतके अस्मानी आणि सुलतानी आपल्या उपनगरातल्या कातळावर शेजारी-शेजारी कोरलेली होती.

६/ कान्हेरीला गेलात, तर शिल्पांइतकेच लेण्यांबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांकडेही लक्ष द्या. इथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी पन्हळींतून वळवून कातळातल्या पोढींत साठवायचे, म्हणजे उन्हाळ्यात भिक्षूंना पाणी मिळे. पोढी खोदून देणे हे पुण्यकर्म होते आणि दात्याचे नाव शिलालेखात कोरले जाई. प्रार्थना आणि जलव्यवस्थापन या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे त्या डोंगरावर राहणाऱ्यांना वाटले नव्हते. ही पोढी लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडेल.

७/ यानंतरची गोष्ट मंगळवेढ्याची. पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या दुष्काळात बहमनी राज्याचा अधिकारी दामाजीपंत याने सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बादशहाने त्याला पकडून आणण्याचा हुकूम दिला. तेव्हा विठ्ठल ‘विठू महार’ होऊन बिदरला गेला, त्याने धान्याची किंमत चुकती केली आणि पावती घेतली, अशी ही कथा. महिपतीने ती सांगितली आणि कीर्तनांतून ती घरोघर पोहोचली.

८/ इतिहास म्हणून या कथेतील चमत्कार सिद्ध करता येत नाही. पण लोकांनी कोणता चमत्कार कल्पिला, हे मात्र इतिहासाचेच साधन आहे. या कथेत देव पाऊस पाडत नाही. तो ढगांना हात लावत नाही, कोठाराचा हिशेब मिटवतो. भुकेल्या माणसांच्या कल्पनेतला देव अस्मानीच्या नव्हे, सुलतानीच्या रकान्यात काम करतो. आणि तो ज्या रूपात येतो, ते रूप गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे आहे. दुष्काळात आधी कोण मरते, याची जाणीव त्या कल्पनेत असावी असे मला वाटते.

९/ आता येऊ १६३०-३२ च्या महादुष्काळाकडे. १६३० म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला ते वर्ष. गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की भाकरीच्या मोबदल्यात माणसे स्वतःला विकायला तयार होती, पण घेणारा नव्हता. पिठात हाडांची भुकटी मिसळली जात होती. त्याच काळात सुरतेहून आग्र्याकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन केले आहे.

१०/ हा केवळ अस्मानी दुष्काळ होता का? निजामशाही बुडवण्यासाठी शाहजहान मोठ्या फौजेसह बुऱ्हाणपुरास येऊन बसला होता. फौजांना धान्य लागते, जनावरांना चारा लागतो. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. दुसरीकडे त्याच बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, अशीही लाहोरीची नोंद आहे. फौज आणि लंगर दोन्ही एकाच छावणीतले. सुलतानीचा रकाना असा गुंतागुंतीचा असतो.

११/ या दुष्काळाने देहूच्या एका महाजनाचे घर उद्ध्वस्त केले. दुकान बुडाले, पत गेली. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहान मुलगा संतू गेला. तो महाजन म्हणजे तुकोबा. हे आपल्याला केवळ चरित्रकारांकडून कळत नाही. भुकेने गेलेली पत्नी, बुडालेला व्यापार आणि लोकांत गेलेली अब्रू यांचा उल्लेख त्यांनी स्वतःच्या अभंगांत केला आहे. सतराव्या शतकातील सामान्य माणसाने आपत्तीत आपल्या घरात काय घडले, हे स्वतःच्या शब्दांत नोंदवावे, असे दाखले आपल्याकडे अत्यंत विरळ आहेत.

१२/ गाथेत या आपत्तीवरच्या दोन प्रतिक्रिया सापडतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका अभंगात तुकोबा म्हणतात की दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडिले तेही बरे झाले, कारण त्यातूनच मन देवाकडे वळले. दुसरीकडे असेही अभंग आहेत ज्यांत ते देवाशी कडाडून भांडतात. एका ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला आहे, इथपर्यंत त्यांची वाणी जाते.

१३/ चरित्रकारांना यातून सरळ कथा हवी असते : आधी संशय, मग साक्षात्कार. पण गाथेतील अभंगांचा क्रम कालानुक्रम नाही. कोणता अभंग आधीचा आणि कोणता नंतरचा, हे ठरवण्याचे साधन आपल्या हाती नाही. ‘आपत्तीने श्रद्धा पक्की झाली’ हे विधान जितके अपुरे, तितकेच ‘आपत्तीने श्रद्धा ढळली’ हेही अपुरे. एकाच माणसाने दोन्ही गोष्टी म्हटल्या आणि एकही पुसली नाही. वारकरी परंपरेनेही दोन्ही जपल्या. देवाला जाब विचारणारा अभंग कीर्तनात म्हटला जातो आणि त्याने कुणाची श्रद्धा बाटत नाही.

१४/ तुकोबांनी केले काय, हे पाहणेही आवश्यक आहे. त्यांनी पडके देऊळ दुरुस्त केले. आणि महिपतीच्या कथनानुसार, सावकारीची खतपत्रे भावाशी अर्धी वाटून आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ पाडणाऱ्या आभाळापुढे ते हतबल होते. पण दुष्काळात माणसाला बुडवणारे दुसरे साधन, म्हणजे कर्जाचा कागद, त्यांच्याच घरात होते. ते त्यांनी पाण्यात सोडले. दामाजीची पावती आणि तुकोबांची खते : आपल्या परंपरेतील दुष्काळाच्या या दोन प्रसिद्ध कथांच्या केंद्रस्थानी हिशेबाचा कागद आहे, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

१५/ थोडे बाहेर डोकावू. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बन. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चमध्ये गर्दी, आणि भूकंप. मग आग, मग समुद्राची लाट. व्हॉल्तेअरने यावर कविता लिहिली आणि पुढे १७५९ मध्ये ‘कांदीद’. प्रार्थना करणारेच प्रार्थनास्थळाखाली कसे गाडले गेले, हा प्रश्न युरोपभर गाजला.

१६/ पण लिस्बनमधला वाद अधिक उद्बोधक आहे. मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याने भूकंपाचे खरे कारण लोकांचे पाप आहे, असे पुस्तिका काढून सांगितले. मंत्री पोंबाल याला मात्र शहर पुन्हा बांधायचे होते. त्याने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली : धक्का किती वेळ टिकला? किती घरे पडली? विहिरींच्या पाण्यात काय बदल झाला? धर्मोपदेशकांना पापाविषयी नव्हे, मिनिटांविषयी विचारले गेले. मात्र पोंबालला निव्वळ विवेकाचा नायक ठरवू नका. त्याच्याच सत्तेत १७६१ मध्ये मालाग्रिदाला पाखंडी ठरवून जाहीर देहदंड दिला गेला. अस्मानीतून नवी सुलतानी अशीही उगवते.

१७/ पुन्हा महाराष्ट्रात. १८७६-७७ चा दुष्काळ. दख्खनमध्ये माणसे मरत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार भरला होता आणि देशातून धान्याची निर्यात चालूच होती. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेला सत्यशोधक समाज तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. जोतीराव फुले आणि सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. अन्नपाण्यावाचून तडफडणारी माणसे आणि जनावरे त्यात आहेत, तसेच मदतकार्याचा वृत्तान्तही.

१८/ जोतीराव नास्तिक नव्हते. ते ‘निर्मिक’ मानत. त्यांचा आक्षेप होता तो माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये बसून संकटाचा अर्थ सांगणाऱ्या आणि त्या अर्थाचे मोल वसूल करणाऱ्या मध्यस्थावर. ग्रहशांती, जप, अनुष्ठाने यांच्या निमित्ताने शेतकऱ्याचे घर कसे रिते होते, हे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सविस्तर येते. म्हणजे इथे प्रश्न श्रद्धेला नव्हता. संकटाचा अर्थ लावण्याच्या मक्तेदारीला होता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

१९/ सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. साथ साष्टीतही पसरली. वांद्र्याच्या आणि आसपासच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तेव्हा चौकाचौकांत क्रूस उभारले. उपनगरांत आजही अनेक जुन्या क्रूसांवर त्या काळातली वर्षे कोरलेली दिसतात. प्लेगपासून वाचवणारे संत म्हणून सेबॅस्टियन आणि रोक यांचा धावा केला जाई. हिंदू वस्त्यांत मरीआई आणि शीतलादेवी होत्याच. रोगाला नाव द्यायचे, रूप द्यायचे आणि मग त्याच्याशी बोलायचे, ही रीत धर्म ओलांडून सारखी होती.

२०/ सुलतानीचा अर्थही तेव्हा लोकांनी लावला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्याचा सूड म्हणून राणीने ही साथ धाडली, अशी अफवा शहरात पसरली. आज हसू येईल. पण पुढच्या काही महिन्यांत घरात घुसून तपासणी, बायकांची विटंबना, सक्तीचे विलगीकरण हे सारे अनुभवास आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अफवेतले कारण खोटे होते, पण तिच्यामागचा अविश्वास निराधार नव्हता.

२१/ त्याच प्लेगात दोन माणसांनी दोन उत्तरे दिली. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन याने आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि पुण्याजवळ सावित्रीबाईंनी, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच प्राण सोडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत आल्या होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘देव कुठे होता?’ या प्रश्नावर त्यांनी काही लिहिले नाही. मूल कुठे आहे, एवढेच पाहिले.

२२/ १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हा अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेविषयी त्यांच्याशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते. आणि हाच तर्क उलटवून तुमचे विरोधक उद्या तुमच्याच कार्याला भूकंपाचे कारण ठरवतील, असा त्यांचा मुद्दा होता. सनातन्यांना नेमके तेच म्हणायचे होते. गांधीजींनी रवींद्रनाथांचे निवेदन आणि स्वतःचे उत्तर १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये छापले. हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी श्रद्धा आहे, अशी त्यांची भूमिका राहिली.

२३/ याच विषयावर मराठीत सावरकरांचा ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ हा निबंध आहे. विश्व माणसाच्या सोयीसाठी चाललेले नाही, असे त्याचे सूत्र. राजकारणात परस्परविरोधी असलेली माणसे एकाच कोड्याशी झुंजत होती, हे तरुण अभ्यासकांनी लक्षात घ्यावे. मला मात्र गांधीजींच्या विधानातली अडचण वेगळी वाटते. बिहारच्या भूकंपात अस्पृश्यही मेले. ज्यांच्यावर अन्याय झाला, तेच त्या अन्यायाच्या शिक्षेत कसे मरतात? हेतू कितीही उदात्त असो, आपत्तीला दंड म्हटले की मृत माणूस आपोआप आरोपी होतो.

२४/ ११ डिसेंबर १९६७, कोयना. पहाटेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. त्याआधी काही वर्षे कोयना धरणात पाणी साठू लागले होते. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप उद्भवू शकतो का, या प्रश्नावर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांनी इथे अभ्यास केला आणि कोयना हे त्याचे ठळक उदाहरण ठरले. अस्मानीच्या रकान्यातली सर्वांत जुनी नोंद, म्हणजे धरणीकंप, तीसुद्धा अंशतः दुसऱ्या रकान्यात सरकली.

२५/ आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणेश विसर्जन झालेले. लातूर-उस्मानाबादच्या गावांतली दमलेली माणसे गाढ झोपेत होती. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. ज्या विघ्नहर्त्याला नुकताच निरोप दिला, त्याच रात्री हे विघ्न यावे? या प्रश्नाची धार समजण्यासाठी नास्तिक असण्याची गरज नाही. तो प्रश्न विचारणारा बहुधा भक्तच असतो, कारण उत्तराची अपेक्षा त्यालाच असते.

२६/ आता दुसरा रकाना. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४. एवढ्या तीव्रतेच्या मानाने मृत्यू प्रचंड झाले, कारण घरे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. या भिंतीच माणसांवर कोसळल्या. पाचटाच्या हलक्या छपराच्या झोपड्यांतली माणसे तुलनेने वाचली. १९९२ मध्ये याच परिसरात लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती आणि लोक घाबरलेही होते. पण दख्खनचे पठार स्थिर, ही समजूत त्या धक्क्यांपेक्षा बळकट ठरली. इथे पाप नव्हते. इथे ओळंबा, चुना आणि दुर्लक्षित इशारा होता.

२७/ परत आपल्या उपनगरांत. २००० आणि २००५ मध्ये पाऊस अस्मानी होता, यात वाद नाही. पण माणसे सुट्या मातीच्या उभ्या उताराखाली का राहत होती? शहराला त्यांचे श्रम हवे होते. त्यांच्या घरासाठी सपाट जमीन मात्र परवडण्याजोगी नव्हती. मिठी नदीचे पात्र आक्रसले, ते पावसाने नव्हे. २००५ च्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यातील आपत्तीच्या व्याख्येत नैसर्गिक कारणांसोबत मानवनिर्मित कारणे, अपघात आणि हलगर्जी यांचाही समावेश आहे. अस्मानी-सुलतानी अखेर कायद्याच्या व्याख्येत आली.

२८/ तरीही एक जुनी सवय सुटलेली नाही. दरडीखालच्या मृतांविषयी आज कुणी ‘पापी’ म्हणत नाही. पण ‘अतिक्रमण करून राहत होते’ असे सहज म्हटले जाते. ते कायदेशीरदृष्ट्या खरेही असेल. पण वाक्याचे काम जुनेच आहे : मृताला स्वतःच्या मृत्यूचा दोषी ठरवायचे आणि उरलेल्यांना निश्चिंत करायचे. देवाचा कोप म्हणणारा आणि अतिक्रमण म्हणणारा, दोघेही चौकशी तिथेच थांबवतात.

२९/ मग प्रार्थनेचे काय? २००५ च्या त्या रात्री मंदिरे, मशिदी, चर्च आणि गुरुद्वारे यांनी अडकलेल्यांसाठी दारे उघडली. तिथे प्रार्थना आणि चहा-खिचडी एकत्र होती. गावठाणातील क्रूसासमोर आजही मेणबत्ती लागते. ती प्लेगचे कारण सांगत नाही. गेलेल्यांची आठवण ठेवते. शोक करणे, आठवणे, एकमेकांजवळ बसणे, देवाशी भांडणे ही प्रार्थनेची जुनी कामे आहेत आणि ती तिने करावीत. इतिहासाच्या आधारे मी एवढेच म्हणेन की आपत्तीचे कारण सांगण्याचे काम तिच्याकडे सोपवले, की सुलतानीच्या रकान्यातले आकडे गुपचूप अस्मानीत जमा होतात.

३०/ म्हणून पुढच्या वेळी ‘देवाची करणी’ किंवा ‘देव असता तर’ ऐकू आले, तर वाद घालण्यापूर्वी तिसरा प्रश्न विचारून पाहा : यात अस्मानी किती, सुलतानी किती? दामाजीच्या कथेने तो विचारला, तुकोबांच्या खतांनी विचारला, किल्लारीच्या भिंतींनी विचारला. कान्हेरीच्या डोंगरावर धावा करणारी माणसे कोरलेली आहेत आणि तिथेच पोढीही खोदलेल्या आहेत. त्या पिढ्यांनी दोन्ही कामे केली.

तुमच्या भागात साथ, पूर किंवा दुष्काळाशी जोडलेले एखादे देऊळ, क्रूस, दर्गा, विहीर वा तळे असेल, तर त्यावरचे वर्ष आणि मजकूर टिपून इथे नक्की लिहा. अशा स्थानिक नोंदी एकत्र आल्या, तर त्यांवर वेगळा थ्रेड करू.

थ्रेड समाप्त.